इतिहासाच्या नव्या शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका (कल्याणच्या पुढची आवृत्ती)

अभिनंदन. परीक्षा, पोर्टल, प्राधान्यक्रम आणि कागदपत्र पडताळणी एवढे गड सर करून तुम्ही इतिहास-नागरिकशास्त्राचे शिक्षणसेवक झाला आहात. माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधन आहे. २०२३ पूर्वी ते ८,००० होते, त्यामुळे स्टाफरूममध्ये या विषयावर कुरकुर करू नका. समोरचे सर आपली कहाणी सुरू करतील आणि तुमची तासिका बुडेल.

ही हस्तपुस्तिका उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात रुजू होणाऱ्यांसाठी आहे. ठाणे-मुंबईच्या शिक्षकांनी वाचायला हरकत नाही, पण कल्याणच्या पुढेही गाडी जाते हे त्यांना आधी मान्य करावे लागेल. तुमच्यापैकी बरेच जण उलट्या दिशेने येणार. सकाळी अख्खी डोंबिवली मुंबईकडे लोंबकळत असताना तुम्ही बदलापूर लोकलमध्ये खिडकीशी पाय पसरून बसाल. या नोकरीतली ही एकमेव चैन आहे. ती झोपेसाठी वापरा, टाचण लिहायला नको.

आपली जागा ओळखा

इतिहास कोणालाही शिकवता येतो, अशी शाळांमध्ये पक्की श्रद्धा आहे. पीटीच्या सरांच्या तासिका भरत नाहीत? सहावीचा इतिहास द्या. हिंदीच्या बाई संचमान्यतेत अतिरिक्त ठरताहेत? आठवीचा द्या. पीटीच्या सरांना कधी बीजगणित दिल्याचे मात्र ऐकिवात नाही. तेव्हा तुम्ही इतिहासात एम. ए. करून आला असाल तर ती तुमची खाजगी बाब समजा आणि मधल्या सुट्टीनंतरची तासिका निमूटपणे घ्या. डबा खाऊन पेंगुळलेल्या वर्गाला पानिपत सांगणे हे पानिपतावर जाण्यापेक्षा फार सोपे नाही.

डिसेंबर उजाडला की गणिताच्या बाई दारात उभ्या राहतील. "सर, माझा पोर्शन राहिलाय हो. तुमचं काय, मुलं घरी वाचतील." लगेच "घ्या की" म्हणू नका. "चालेल, पण मंगळवारची तुमची मला द्या" असे म्हणा. मंगळवारची मिळणार नाहीच. पण पुढे पुरंदरचा तह शिकवताना २३ किल्ले का दिले आणि १२ राखण्यासाठी किती बोलावे लागले असेल, हे तुम्ही जरा आतून सांगाल.

टाचण

टाचणात विद्यार्थी कायम वर्तमानकाळात यशस्वी असतो. "विद्यार्थी कार्यकारणभाव सांगतो. विद्यार्थ्यामध्ये राष्ट्रप्रेम जागृत होते. विद्यार्थी नकाशावाचन करतो." हे सगळे पस्तीस मिनिटांत, हजेरी धरून. टाचण स्वतःच्या मनाने लिहिलेत तर पर्यवेक्षकांना शंका येईल. मागच्या वर्षीची वही मागून घ्या. ती ज्यांच्याकडून मिळेल त्यांनीही ती मागूनच घेतलेली असेल, आणि अशा रीतीने तुम्ही एका अखंड हस्तलिखित परंपरेचे वारसदार व्हाल. नकलताना झालेल्या चुकांवरून कोणती वही कोणत्या वहीवरून उतरली हे शोधता येते. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक तेच करतात.

'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात 'नकाशा' असे लिहायचे असते. खरा नकाशा शोधायला जाल तर तो स्टोअररूमच्या कपाटात, काठीला गुंडाळलेला आणि एका कडेने वाळवी लागलेला सापडेल. उलगडून बघा. त्यात तेलंगण नसेल. अगदी जुना असला तर छत्तीसगड, झारखंड आणि उत्तराखंडही नसतील. शिपाईकाका तो रद्दीत टाकायला निघालेले असतात. त्यांना थांबवा. तो जुना नकाशा आणि नवा नकाशा फळ्यावर शेजारी शेजारी टांगा आणि वर्गाला एवढेच विचारा: यातला आधीचा कुठला, आणि तुम्हाला कसं कळलं? पाच मिनिटांत कोणीतरी म्हणेल, हा २००० च्या आधीचा. मागच्या बाकावरून दुसरा म्हणेल, छापल्याचे साल खाली कोपऱ्यात आहे की. दोघेही बरोबर असतात, फक्त दुसरा पुढे संशोधक होण्याची शक्यता जास्त.

सध्याच्या पुस्तकांत सहावीपासून नववीपर्यंत दरवर्षी 'इतिहासाची साधने' हा पाठ असतो. भौतिक, लिखित, मौखिक. चार वर्षे ही यादी पाठ करून मूल दहावीत जाते, आणि तोवर त्याने एकही साधन हातात धरलेले नसते. वाळवी लागलेला नकाशा हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. टाचणात मात्र 'नकाशा' एवढेच लिहा, जुना लिहू नका. तपासणीत प्रश्न येतो.

प्रशिक्षण म्हणजे काय

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. हे तास कुठून आणायचे ते धोरणात नाही. ते शनिवारी दुपारी, दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर किंवा सहामाहीचे पेपर तपासायचे असतात त्या आठवड्यात आपोआप सापडतात.

ऑनलाइन प्रशिक्षणासाठी मोबाइल, चार्जर आणि सहनशील कुटुंब लागते. व्हिडिओ सुरू करा, मोबाइल भिंतीला टेकवा, भाजी चिरा. मधेमधे पडद्याला बोट लावायला घरातले एखादे मूल नेमावे. अशा घरांतून सातवी-आठवीतली मुले समावेशक शिक्षणात चांगलीच प्रशिक्षित होत आहेत.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. ठाणे जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. मीरा-भाईंदरच्या शिक्षकाला हे अंतर विचारा, तो मिनिटांत न सांगता गाड्यांमध्ये सांगेल. जागा कोणतीही असो, क्रम ठरलेला. आधी सही, मग लिंकवर हजेरी, मग फोटो. मग पावसाची टाळी: एक बोट, दोन बोटे, तीन बोटे, मुसळधार. गट पडतात आणि त्यांना नद्यांची किंवा किल्ल्यांची नावे मिळतात. इतिहासाच्या शिक्षकाला नेहमी 'रायगड' गटात बसवतात आणि तक्ता रंगवायला देतात, कारण गटात ज्याचे अक्षर बरे तो कामाला लागतो. "इतिहास रंजक करून शिकवा" हे वाक्य दिवसभरात अनेकदा कानी पडेल. कसे, ते जेवणानंतरच्या सत्रात सांगणार असतात, आणि जेवणानंतरचे सत्र वेळेअभावी आवरते घेतात.

खरे प्रशिक्षण मिळते त्याला ना लिंक असते ना तास. प्रत्येक शाळेत निवृत्तीला आलेल्या एक बाई असतात, ज्यांच्या वर्गातून आवाज येतो पण गोंगाट येत नाही. तुमची ऑफ तासिका असेल तेव्हा त्यांच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात वह्या तपासायला बसा. अशा एका बाईंची रीत सांगतो. हातात पुस्तक नाही. फळ्यावर एक वाक्य लिहायचे: 'शाहिस्तेखानाची बोटे तुटली.' मग मागे वळून शांतपणे विचारायचे, हे पहिल्यांदा कोणी सांगितलं असेल? मुले म्हणतात, शिवाजी महाराजांनी. बाई म्हणतात, बरं, अजून? कोणी म्हणते, खानाच्या नोकरांनी. कोणी म्हणते, वैद्याने. आता बाई विचारतात, तिघं सारखंच सांगतील का रे? पुढची पंधरा मिनिटे बाईंना काही करावे लागत नाही. तुम्ही मात्र वह्या तपासायचे विसरता, आणि यालाच प्रशिक्षण म्हणतात. प्रमाणपत्र मिळत नाही.

देऊळ कसे वापरावे

अंबरनाथ स्टेशनवरून पूर्वेला निघालात की वालधुनीच्या काठी शिवमंदिर लागते. दगडी, भूमिज शैलीचे, भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालचे. वालधुनीचे पाणी आज कोणत्या रंगाचे आहे हे तिथे पोहोचण्याआधीच वासावरून कळते, तो भूगोलाचा विषय, त्यांच्यावर सोपवा.

शाळेतून या देवळाकडे मुलांना पायी न्यायचे तर पालकांची संमतिपत्रे, मुख्याध्यापकांची परवानगी, सोबतीला दोन शिक्षक आणि एक प्रथमोपचार पेटी लागते. तेवढ्याच कागदांत वॉटर पार्कची सहल निघते, म्हणून शाळा वॉटर पार्कला जाते. दहावीच्या पुस्तकात पर्यटन आणि इतिहास यावर आख्खा पाठ आहे. तो वॉटर पार्कहून परतताना बसमध्ये वाचून घ्यावा.

समजा तरीही तुम्ही हट्टाने निघालात. वाटेत कोणीतरी मूल सांगेल की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले. नवखा शिक्षक इथे "चूक" असे म्हणतो आणि वर्ग गमावतो. तुम्ही "हे तुला कोणी सांगितलं?" असे विचारा. आजीने. आजीला? तिच्या आजीने. लिहून घ्या वहीत, मौखिक साधन. मग देवळातल्या शिलालेखाकडे वळा. त्यावर शक ९८२ आहे. त्यात ७८ मिळवायला लावा. १०६०. शिलाहार राजा मांवाणीचा काळ. गणिताच्या बाईंना दिलेली एखादी तासिका इथे वसूल होते.

पण खरी मेजवानी पुढे आहे. हा शिलालेख झिजलेला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यांना आकडा ७८२ दिसला, म्हणजे देऊळ सरळ दोनशे वर्षांनी म्हातारे झाले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो लेख पुन्हा तपासला आणि ९८२ असा लावला. भगवानलाल वर्षानुवर्षे भाऊ दाजींसाठीच लेखांचे ठसे घेत हिंडले होते. ज्यांच्यासाठी काम केले, त्यांचाच आकडा त्यांनी दुरुस्त केला, आणि त्यामुळे भाऊ दाजींचे मोठेपण तसूभरही उणे झाले नाही. हे नव्या शिक्षकाने दोनदा वाचावे. पर्यवेक्षकांनी एकदा वाचले तरी चालेल.

वर्गात परत आल्यावर फळ्यावर मोठा ९ काढा आणि डस्टरने त्याची गाठ अर्धी पुसा. आता हा ७ की ९? वर्गाचे दोन तट पडतात. ७ वाल्यांना कारण विचारा, ९ वाल्यांना विचारा. आता बाकीचे आकडे, राजाचे नाव, अक्षराचे वळण असे काय काय हाताशी असेल तर फैसला होईल, ते त्यांनाच सांगू द्या. शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. तक्रार आली म्हणजे तास बरा झाला.

कॅम्प

उल्हासनगरच्या मुलाला पत्ता विचारलात तर तो आकड्यांत सांगतो. कॅम्प चार, सेक्शन अमुक, बॅरॅक तमुक. नव्या शिक्षकाला वाटते, हे काय लष्करी. लष्करीच आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी ही छावणी उभी राहिली. कल्याणवरून पुढे अंबरनाथ-बदलापूरकडे रेल्वे १८५६ पासूनच होती, त्यामुळे माणसे आणि सामान उतरवायला जागा सोयीची. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना त्यांत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. ज्यांच्या वस्तीला नाव दिले त्यांची त्या वेळी बराकींत गोणपाटाचे पडदे लावून दोन-दोन कुटुंबे राहत होती. सरकारी नामकरणाची ही परंपरा तुम्हाला पुढे योजनांच्या नावांतही भेटेल.

आठवीच्या पुस्तकात फाळणी येते ती थोडक्यात, आणि ती पंजाब-बंगालची असते. तुमच्या समोरच्या बाकावर मात्र लारकाना, शिकारपूर, हैदराबाद-सिंध बसलेले असते, फक्त त्याला ते धड माहीत नसते. त्याला घरी पाठवा, तीन प्रश्न देऊन: कधी आलात, कशाने आलात, सोबत काय आणलंत? चौथा प्रश्न देऊ नका. काही घरांतून कराचीहून मुंबईपर्यंतचा बोटीचा प्रवास येईल, काही घरांतून एका पितळी भांड्याचा फोटो येईल. एखादी मुलगी म्हणेल, "आज्जी रडायला लागली, मग मी विचारलंच नाही." तिला पूर्ण गुण द्या.

आणि हेच तीन प्रश्न वर्गातल्या सगळ्यांना द्यायचे, नाहीतर इतिहास फक्त सिंध्यांचा उरतो. अंबरनाथच्या मुलाच्या घरी ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा विमकोच्या आगकाडीच्या कारखान्यात लागलेले आजोबा सापडतील. बदलापूरच्या मुलाच्या घरी लालबाग-परळ निघेल: १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, चाळीतली खोली गेली, आणि कुटुंब मध्य रेल्वेच्या टोकाकडे सरकत बदलापूरला येऊन पोचले. कोणी जौनपूरहून आलेला, कोणी जालन्याहून. सगळे आलेलेच. 'इथलेच' म्हणणारे आदिवासी वाड्यांवरचे मूल मागच्या बाकावर गप्प बसलेले असते. त्याला 'कधी आलात' विचारायचे नसते, 'तुमच्याकडे कोण कोण आलं' असे विचारायचे असते. त्याचे उत्तर सर्वांत लांब निघते.

नागरिकशास्त्र, म्हणजे उरलेले गुण

दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. त्यात राज्यशास्त्र शेवटी येते, वेळही शेवटी संपते, त्यामुळे मुले लोकशाही घाईघाईत उरकतात. शिक्षकांनीही फेब्रुवारीत तेच केलेले असते.

सहावीला स्थानिक शासन आहे. आपल्या पट्ट्यात हा पाठ शिकवणे सोपे, कारण नमुने हाताशी: उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथला नगरपरिषद, पुढे कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. अंबरनाथ आणि बदलापूर १९८३ ला कल्याण महापालिकेत घातले आणि १९९२ ला बाहेर काढले, हे सांगितलेत तर हद्द म्हणजे काय हे मुलांना कळते. महापौर नगरसेवक निवडतात. नगराध्यक्ष कोण निवडतो? २०१६ ला ठरले की जनता. २०२० ला ठरले की नगरसेवक. २०२२ ला पुन्हा जनता. म्हणून हे उत्तर मुलांच्या वहीत पेन्सिलीने लिहून घ्या.

त्याहून नाजूक भाग असा. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांची निवडणूक २०१५ ला झाली, मुदत २०२० ला संपली, आणि त्यानंतरची निवडणूक झाली डिसेंबर २०२५ मध्ये. उल्हासनगरची २०१७ ची, मुदत २०२२ ला संपली, पुढची जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे. म्हणजे २०२० साली पाचवीत असलेल्या अंबरनाथच्या मुलाने सहावीत 'नगरपरिषदेचा कारभार लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी पाहतात' असे लिहून गुण मिळवले, आणि दहावीत जाईपर्यंत त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. एखादा चौकस मुलगा विचारेल, "सर, मग उत्तर काय लिहू?" आदर्श उत्तरपत्रिकेतले लिहायला सांगा. दुसरे उत्तर तोंडी सांगा. दोन उत्तरे एकाच डोक्यात ठेवता येणे ही नागरिकत्वाची पहिली पायरी, असे समजून पुढे जा.

संविधानाचा भाग इथे जितका घरगुती होतो तितका फार थोड्या गावांत होत असेल. कलम ६ काढा. पाकिस्तानातून स्थलांतर करून आलेला माणूस १९ जुलै १९४८ पूर्वी आला आणि इथेच राहिला तर एक नियम, त्यानंतर आला तर अर्ज करून नोंदणी, आणि अर्जाआधी निदान सहा महिने इथे वास्तव्य. आता तीन प्रश्नांच्या वह्या परत काढा, 'कधी आलात' हा रकाना बघा. वर्गातली मुले आपापल्या पणजोबांना कलमात बसवायला लागतात. आठव्या अनुसूचीत सिंधी भाषा १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने आली. राष्ट्रगीतात सिंध आहे, नकाशात नाही, ते नाव काढावे म्हणून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात राष्ट्रगीताचा आवाज बघा.

एक प्रात्यक्षिक जरूर करा. शाळेसमोरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल मुलांकडून नगरपरिषदेला अर्ज लिहून घ्या आणि दोन मुलांना घेऊन स्वतः जा. खिडकीमागचे कारकून अर्जावर नजर टाकतील, जाडजूड आवक रजिस्टर ओढतील, क्रमांक घालतील आणि तुमच्या प्रतीवर गोल शिक्का मारतील. शिक्का अर्धा उठतो, पण तारीख दिसते. ती पोच वर्गाच्या भिंतीवर लावा. गटार उपसले जाईलच असे नाही. तारखेपुढे दिवस मोजण्याचे काम मात्र वर्गातला सर्वांत दांडगट मुलगा आपणहून अंगावर घेतो, आणि त्याला पुढे माहितीचा अधिकार वेगळा शिकवावा लागत नाही.

वर्गात येणारे अवघड प्रश्न

मलंगगड अंबरनाथ तालुक्यात. तो कोणाचा, हा प्रश्न माघ पौर्णिमेच्या आसपास वर्गात हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर घरूनच मिळालेले असते. हस्तपुस्तिकेचा अधिकृत सल्ला: "तो आपल्या अभ्यासक्रमात नाही." हा सल्ला पाळलात तर कोणी तुम्हाला नोटीस देणार नाही. न पाळायचा असेल तर दोन गोष्टी सांगून थांबा: गडावरच्या दर्ग्याची वहिवाट परंपरेने एका ब्राह्मण कुटुंबाकडे राहिली आहे, आणि तिथे जाणाऱ्यांत दोन्हीकडचे लोक पिढ्यानपिढ्या आहेत. मग घंटेची वाट बघा. घंटा अशा वेळी उशिरा होते.

दुसरा प्रश्न बदलापूरच्या वर्गांत येतो आणि त्यात विनोदाला जागा नाही. २० ऑगस्ट २०२४ ला, शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर, बदलापूरचे लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेल्वे रुळांवर होते. मुले ते पाहून आली आहेत. "सर, रूळ अडवणं बरोबर होतं का?" असे कोणी विचारले तर पुस्तकात तोंड घालू नका. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, तक्रार कोणी करायची, पोलिसांनी काय करणे बंधनकारक आहे, आपल्या शाळेतली सखी सावित्री समिती कोणती आणि तिच्यात कोण आहे, हे नावानिशी सांगा. समिती फक्त फाइलीत असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा. रुळांचा प्रश्न त्यानंतर घ्या. घ्यायचा मात्र नक्की.

त्या मानाने महापूर सोपा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. त्या दिवशीच्या बातम्यांत अडकलेले प्रवासी सातशेपासून दोन हजारांपर्यंत होते. सुटका झाल्यावर आकडा सुमारे १,०५० वर आला. बातम्या शेजारी ठेवा, वेळ लिहा, आकडा लिहा. भाऊ दाजींचा ७८२ पुन्हा एकदा उपयोगी पडतो.

जयंत्या

तुम्ही इतिहासाचे, म्हणून वर्षभराच्या सगळ्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या तुमच्या. आदल्या दिवशी चार वाजता निरोप येईल, "सर, उद्याचं भाषण एका मुलीला लिहून द्या." भाषण सर्वांसाठी एकच ठेवावे, नाव आणि जन्मगाव बदलावे. वाङ्मयचौर्याचा दावा लावायला मूळ लेखक कोणी उरलेला नाही. फोटो शोधण्याचे काम मात्र आधी करा. हार घातल्यावर फोटो दुसऱ्याचा निघाल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

अभिप्राय फॉर्म

प्रशिक्षण कोणतेही असो, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म येतो. 'प्रशिक्षणातील कोणता भाग वर्गात वापराल?' इथे बहुतेक जण 'सर्व' लिहितात. तुम्ही तिथे 'पावसाची टाळी' लिहिलेत तरी ते खरे असेल. 'सूचना' या रकान्यात चहा, पंखा आणि पार्किंग लिहिण्याची पद्धत आहे. तुम्ही जागा मागा: पुढचे सत्र देवळात, शिलालेखाखाली घ्या, किंवा नगरपरिषदेच्या आवक-जावक टेबलाशेजारी घ्या, आणि व्हरांड्यात बसून दुसऱ्याचा तास ऐकण्याचे तास त्या पन्नासांत धरा. कोणी वाचेल की नाही याची चिंता नको. फॉर्म चार वाजता बंद होतो, तेवढे पाळा. आणि प्रमाणपत्रासाठी नाव इंग्रजीत भरताना शालार्थमधले स्पेलिंग जसेच्या तसे उतरवा. एका 'ए'चा फरक पडला तरी प्रणालीत दोन शिक्षक तयार होतात, आणि पन्नास तास त्या दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.